घरीच आहेस ना, मग जरा…

आमच्या निरवांगीत नोकरी ही डोळ्यांनी बघायची गोष्ट आहे. माणूस सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन घराबाहेर पडला आणि दिवस मावळताना शर्ट चुरगळून परत आला, म्हणजे तो नोकरीला आहे. मधल्या वेळात त्यानं काय केलं याच्याशी गावाला कर्तव्य नाही. काही केलं नसलं तरी चालतं. पण तो जाताना दिसला पाहिजे आणि येताना दिसला पाहिजे.

याला जबाबदार शेजारचं वालचंदनगर. शेठ वालचंद हिराचंदांनी १९३०च्या दशकात तिथं साखर कारखाना उभा केला आणि नीरेकाठच्या आमच्या गावांना पगार म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. भोंगा झाला की सायकली निघायच्या, भोंगा झाला की परतायच्या. पुढं त्याच आवारात अणुभट्ट्यांचे आणि रॉकेटचे भाग तयार व्हायला लागले. इस्रोचं काहीही आकाशात गेलं की पारावर कुणीतरी म्हणणारच, "आपल्या वालचंदनगरचा पार्ट हाय त्यात." पण रॉकेटचा भाग बनवणारा माणूससुद्धा कॅरियरला डबा लावून, रस्त्यानं, सगळ्यांच्या देखत कामावर जायचा. काम कितीही आभाळातलं असो, माणूस रस्त्यावरूनच गेला पाहिजे, हे आमच्या भागाच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं.

अशा गावात २०२०च्या मार्चअखेर अख्खी हिंजवडी येऊन उतरली.

२२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २५ तारखेपासून देश बंद. पुण्यात संगणकापुढे बसणारी आमच्या गावची पोरं कुणी आधी, कुणी नंतर, कुणी शाळेत विलगीकरणाचे चौदा दिवस काढून, अशी एकेक करून घरी आली. पाठीवर बॅग, बॅगेत लॅपटॉप. मीही त्यातलाच. साथ होती तोवर कुणी काही बोललं नाही, कारण तेव्हा सगळेच घरी होते. पण साथ ओसरली, एसटी सुरू झाली, शाळा भरायला लागल्या, आणि तरी आम्ही गावातच. तेव्हा मात्र चौकशी सुरू झाली. पहिली चौकशी आमच्या तात्यांनी केली.

"नोकरी गेली म्हणायची का?"

"नाही तात्या. घरून काम करतोय."

"कुणाचं?"

"कंपनीचं."

"कंपनी कुठाय?"

"हिंजवडीला."

"आन तुझा साहेब?"

"तो नागपूरला. त्याच्या घरी."

"त्याचा साहेब?"

"अमेरिकेत."

"त्यो बी घरीच?"

"तो पण घरीच."

तात्यांनी तंबाखूला चुना लावला, मळली, झटकली आणि विचारलं, "मग कंपनीत कोणाय?"

"वॉचमन असतो."

"मग पगार त्यालाच द्या की. कामावर येतुया त्यो एकटा."

या युक्तिवादाला आमच्या एचआर विभागाकडेही उत्तर नाही. मी विचारून बघितलेलं आहे.

गावात घरी बसून काम करण्यातली खरी अडचण रेंज, लाईट, म्हैस यांपैकी कुठलीच नव्हे. ती एका वाक्यात आहे: "घरीच आहेस ना, मग जरा…" या 'जरा'च्या पुढं काहीही येऊ शकतं. जरा मोटार चालू करून ये. जरा मावशीला स्टँडवर सोड. जरा गॅसवाल्याला फोन लाव. बिछान्यापासून माझ्या टेबलापर्यंतच्या अंतरात आई जेवढी कामं सांगते तेवढी माझा मॅनेजर अख्ख्या पंधरवड्यात सांगत नाही, आणि मॅनेजर निदान ती लिहून तरी देतो.

त्यात लॅपटॉप. गावात लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस दिसला की तो सरकारी सेवा केंद्र आहे असं लोक धरून चालतात. पीएम किसानची ई-केवायसी, पीकविम्याचा अर्ज, पोरीचा जातीचा दाखला, म्हातारीच्या आधार कार्डावरची जन्मतारीख, सगळं माझ्या दारात. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारनं ई-पीक पाहणीचं ॲप आणलं. तलाठ्यानं लावायची पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः बांधावर उभं राहून, फोटो काढून करायची. चांगली गोष्ट. पण निरवांगीतले निम्मे फोन सातबाऱ्यापेक्षा जुने असल्यामुळे माझा दुपारचा सगळा वेळ लोकांच्या बांधावर जायला लागला. "तुझं कामच हाय की कम्प्युटरचं," असं वर. म्हणजे मी जे करतो ते काम आहे हे गावानं अखेर मान्य केलं, पण त्यांचं केलं तेव्हा.

एकदा न्यू जर्सीच्या गिऱ्हाइकासमोर स्क्रीन उघडून मी कसलासा आलेख समजावत होतो. मागं कॅमेऱ्यात पांढरी टोपी, हातात सातबारा, असे एक आजोबा येऊन शांतपणे उभे राहिले. घाई त्यांना नव्हतीच. गिऱ्हाइकानं नम्रपणे विचारलं की हे गृहस्थ कोण. मी म्हटलं, स्टेकहोल्डर. पुढची पंधरा मिनिटं त्या गोऱ्या माणसानं प्रत्येक मुद्द्यानंतर आजोबांकडे बघून त्यांची मान हललीय का हे तपासलं. आजोबांनी दोन मुद्द्यांवर मान हलवली नाही. ते दोन्ही मुद्दे पुढं बाद झाले आणि खरं सांगायचं तर ते होतेच फालतू.

लाईटीचं मात्र वेगळं सांगितलं पाहिजे, कारण त्यातून माझी आणि आण्णांची, म्हणजे वडिलांची, अनपेक्षित सोयरीक जुळली. शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की उसाला दारं धरायला रात्रीच जावं लागतं. बॅटरी, काठी, पायात गमबूट, आणि बिबट्या दिसल्याच्या बातम्या डोक्यात. इकडं माझं गिऱ्हाईक अमेरिकेतलं. त्याची दुपार ती माझी रात्र. त्यामुळे रात्री साडेदहाला आमच्या वस्तीवर दोन माणसं कामाला लागतात. एक हेडफोन घालून, एक कानटोपी घालून.

"तुझी लाईन कितीपर्यंत हाय?" आण्णा निघताना विचारतात.

"साडेअकरा."

"माझी पहाटंपर्यंत."

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर मागं घेतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढं. त्या दिवसापासून आमच्या मीटिंगा तासानं सरकतात. मला वाटलं हे आण्णांना समजावणं जड जाईल. त्यांनी एका झटक्यात समजून घेतलं. "म्हंजी त्यांच्याकडं बी पाळी बदलती," ते म्हणाले आणि अमेरिकेबद्दल त्यांना पहिल्यांदाच आपुलकी वाटली. तिथल्या शेतकऱ्यांचे किती हाल होत असतील, असंही त्यांनी हळहळून विचारलं.

आवाजांचं सांगायचं तर गळीत हंगामात रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जातात. मागं दोन ट्रॉल्या, पुढं स्पीकर. एका ट्रॅक्टरचं गाणं संपेपर्यंत दुसऱ्याचं सुरू होतं. पुण्यातल्या सहकाऱ्यांची समजूत अशी की मी एखाद्या कायमच्या लग्नात राहतो. शिवाय माझ्या मागं खिडकीतून आडसालीचा ऊस दिसतो, डोक्याच्या वर गेलेला, हिरवागार. बाकी सगळ्यांनी पाठीमागं समुद्रकिनारा, नारळाची झाडं, पुस्तकांची कपाटं अशी खोटी चित्रं लावलेली असतात. एका बैठकीत साहेबांनी मला सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझं ते बॅकग्राउंड बदल. फार खोटं वाटतं."

बरं, घरी बसून कारभार करणं गावाला नवं आहे म्हणावं तर तसंही नाही. कित्येक पिढ्या गावचं कार्यालय घरातच होतं. कुलकर्णी आपल्या घरी बसून वसुलाचे हिशेब लिहायचा, कागद रुमालात बांधायचा आणि ते रुमाल त्याच्याच घरात राहायचे. ज्याच्या घरात दप्तर त्याच्या घरात गाव. पाटील तर ओसरीवर बसूनच कारभार बघायचा. मुंबई सरकारनं १९५० मध्ये कायदा केला, १ मे १९५१ पासून कुलकर्णी वतनं गेली, पाटीलकीही १९६०च्या दशकात गेली, आणि कारभार घराबाहेर पडून पगारी माणसाच्या ताब्यात, सज्जात आला. तेव्हापासून गावाला ऑफिसचा खरा अनुभव मिळाला. ऑफिस म्हणजे कुलूप. साहेब एक, गावं अनेक. आपण ज्या गावी जावं त्याच्या पलीकडच्या गावी साहेब असतात. "साहेब मीटिंगला तालुक्याला गेल्यात" हे वाक्य ऐकत मी लहानाचा मोठा झालो. २०२४ मध्ये तलाठ्याला 'ग्राम महसूल अधिकारी' असं भारदस्त नाव मिळालं, त्याच्या आधीच डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघायला लागला होता. सांगायचं एवढंच, की ऑफिसात नसलेला साहेब गावाला चालतो. तो कुठंतरी 'गेलेला' असतो ना! आम्ही कुठंच गेलेले नसतो, हा आमचा गुन्हा.

जाण्याला आमच्याकडे केवढी किंमत आहे हे आषाढात कळतं. सोपानकाकांची पालखी सासवडहून निघते, बारामती, लासुर्णे करत निरवांगीला मुक्कामाला येते आणि इथून पुढं अकलूजच्या वाटेला लागते. त्या दिवशी गावात कुणाच्याही मनात येत नाही की विठ्ठल सर्वत्र आहे तर एवढं चालायचं कशाला. चालायचंच. हजेरी पंढरपुरातच लागते. याला संतमंडळींत ठळक अपवाद दिसतो तो सावता माळ्यांचा. माढा तालुक्यातल्या अरणला त्यांचा मळा, पंढरपूर काही फार लांब नाही, पण परंपरा सांगते की ते वारीला गेले नाहीत. मळ्यातच काम, मळ्यातच नामस्मरण, आणि देवच त्यांना भेटायला मळ्यात आला. आमच्या शाखेचे मूळ पुरुष म्हणून मी त्यांचं नाव तात्यांपुढं ठेवून बघितलं. तात्या म्हणाले, "आधी सावता माळी व्हय, मग बस घरी." २०२० साली मानाच्या पालख्यांच्या पादुका एसटीत बसून पंढरपूरला गेल्या आणि वारकऱ्यांनी वारी घरून केली. त्या वर्षी आमच्या गावात आषाढीला जी कळा होती ती आठवली की तात्यांचं म्हणणं खोडून काढायला जीभ रेटत नाही.

उलट बाजूचा नमुनाही दरवर्षी दारात येतो. दिवाळीच्या आसपास बीडकडची ऊसतोड कुटुंबं बैलगाड्यांतून, ट्रॅक्टरमधून येतात. फडाशेजारी कोप्या पडतात. त्यांनी काम घरी नेलेलं नसतं, घरच कामावर आणलेलं असतं. चूल, पोरं, कोंबड्या, सगळं. पहाटे फडात, रात्री गाडी भरायला. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, त्यामुळे नोकरी सोडायचीही सोय नाही. कामाच्या आणि घराच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात, असा सल्ला देणारी एक चित्रफीत आमच्या कंपनीनं सगळ्यांना सक्तीनं बघायला लावली होती. ती मी खिडकीत बसून बघितली. समोर फडात कोयते चालू होते.

आता जगात काय झालं तेही बघू. टाटा कन्सल्टन्सीनं २०२० मध्येच जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत आपल्याला पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त माणसं कचेरीत लागणार नाहीत. पुढं २०२३च्या ऑक्टोबरात त्याच कंपनीनं सगळ्यांना पाचही दिवस कचेरीत बोलावलं. त्याच महिन्यात नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायचा सल्ला दिला. २०२५ उजाडलं तेव्हा लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं ९० तासांचं बोलणं गाजलं. घरी बसून बायकोकडं किती वेळ बघणार, असा त्यांचा सवाल होता. मी तो घरात वाचून दाखवला. आण्णा म्हणाले, म्हशीला रविवार नसतो, ७० काय न ९० काय. आई म्हणाली, "बघतंय कोण? हितं मान वर करून कुणाकडं बघाया सवड कुणाला हाय?" बायको काहीच म्हणाली नाही, पण त्या संध्याकाळी तिनं मला दोनदा विचारलं की मी तिच्याकडं का बघतोय.

अभ्यासही झालेत. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीनं २०१०च्या अखेरीस काही कर्मचाऱ्यांना नऊ महिने घरून काम करू दिलं आणि स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम यांनी त्याचा हिशेब ठेवला. घरी बसलेल्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. सुट्ट्या कमी झाल्या, मधले चहापाणी कमी झाले. एवढं वाचून मी खूश होऊन तात्यांकडे निघणार होतो. पण पुढं लिहिलं होतं की सारखंच काम करूनही घरी बसलेल्यांना बढती कमी मिळाली, आणि प्रयोग संपल्यावर निम्म्या लोकांनी आम्हाला परत ऑफिसात घ्या म्हणून सांगितलं, घरी एकटं वाटतं म्हणून. म्हणजे शांघायच्या साहेबाचं आणि निरवांगीच्या तात्यांचं डोकं एकच. जो समोर दिसतो तो काम करतो. एकटं वाटण्याचं मात्र मला नवल वाटलं. आमच्या वस्तीवर दहा मिनिटं एकटं वाटून घ्यायचं असेल तर उसात जाऊन बसावं लागतं, आणि तिथंही कुणीतरी आधीच बसलेलं असतं.

साहेबाला दिसायचं कसं, यावर लोकांनी उपायही काढले. माउस आपोआप हलवणारी यंत्रं बाजारात आली. कर्मचारी झोपलेला असतो, पण पडद्यावरचा बाण फिरत असतो आणि नावापुढचा हिरवा दिवा जळत राहतो. २०२४ मध्ये वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेनं असा आभास निर्माण केला म्हणून डझनाहून जास्त लोकांना घरी पाठवलं. आण्णांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी ज्वारीच्या रानाकडे बोट केलं. काठीला माझाच कॉलेजातला शर्ट, डोक्याला मडकं. "ह्येच की त्ये," ते म्हणाले. "फरक एवढाच, आमचं बुजगावणं पाखरांना फशिवतं, तुमचं मालकाला. आन पाखरं लई दिवस फसत न्हाईत."

मग ऑफिस चांगलं की घर? माझं मत विचाराल तर काम न करण्यासाठी ऑफिससारखी जागा नाही. हिंजवडीच्या चौकात दीड तास अडकून पोचलं की पोचल्याबद्दलच सगळे कौतुकानं बघतात. तिथून पुढं चहा. मग गावाकडच्या पावसाची चौकशी. मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, ज्याचं क्रीम दोन मजल्यांवरच्या लोकांच्या तोंडाला लागतं. मग जेवण, जेवणानंतर शतपावली, मग एक बैठक, जी पुढची बैठक कधी घ्यायची हे ठरवण्यासाठी असते. संध्याकाळी माणूस खरोखर दमून घरी येतो. आणि हे सगळे नऊ तास कामात धरले जातात! घरी बसलं की यातलं काही धरत नाहीत. जे केलं तेवढंच मोजतात. हा उघड अन्याय आहे. घरी बसून मी जेवढं काम केलं तेवढं ऑफिसात कधी करावं लागलं नव्हतं, आणि याची मला आजही खंत आहे.

आता माझ्या चुलतभावाचं सांगतो. तो सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. पगार चांगला, निर्व्यसनी, बागायती जमीन. नदीपलीकडच्या माळशिरस तालुक्यातलं एक चांगलं स्थळ आलं. अलीकडे शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही; पुण्यात नोकरी आणि गावाकडं जमीन अशी दुहेरी पात्रता लागते. याच्याकडं दोन्ही होतं. मुलीचे वडील म्हणाले, सहज जाता जाता घर बघून येतो, आणि न कळवता एका कामाच्या दिवशी सकाळी अकराला आले.

चुलत्यांच्या घरी रेंज येते ती फक्त गोठ्याच्या कोपऱ्यात. मुलीच्या वडिलांना जे दिसलं ते असं: होणारा जावई वर इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खाली गुडघ्यापर्यंतची चड्डी घालून, खताच्या पोत्यावर बसून, समोरच्या म्हशीकडं बघत इंग्रजीत म्हणत होता की हो, तुम्ही दिसताय, पण तुमचा आवाज येत नाही. हेडफोन त्यांना दिसला नाही. म्हैस रवंथ करत होती. तो पुन्हा म्हणाला की कृपया म्यूट काढा. पाहुण्यांनी चहा घेतला, जमिनीची चौकशीही केली नाही आणि उठताना चुलत्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पोराला कुणाला दाखिवलंय का?"

मग भावकी बसली. पोराचं काम खरं आहे हे भावकीला पटवण्यात अर्धा तास गेला. आणि तोडगा काढला तो तात्यांनीच. दुसऱ्या सोमवारपासून भाऊ सकाळी तयार होऊन, बूट घालून, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवून, डबा घेऊन बारामतीला जायला लागला. बारामतीत त्यानं एक अभ्यासिका गाठली. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांसाठी अशा खोल्या असतात. महिन्याचे पैसे भरायचे, टेबल, खुर्ची, वाय-फाय, पंखा मिळतो. डावीकडं राज्यघटना पाठ करणारा, उजवीकडं चालू घडामोडी, मध्ये हा अमेरिकन कंपनीच्या चुका शोधत बसलेला. तिथं बोलायला बंदी, म्हणून मीटिंगा जिन्यात. लॅपटॉप तोच, पगार तोच, साहेब तोच. दिवसाचे दोन-अडीच तास आणि प्रवासखर्च तेवढा नवा.

पंधरा दिवसांत गावाचा सूर बदलला. "पोरगं पुन्हा लागलं जणू नोकरीला." महिन्याभरात ही बातमी नदीपलीकडं गेली. मुलीच्या वडिलांनी स्वतः येऊन सकाळी स्टँडवर खात्री करून घेतली. बॅग बघितली, ओळखपत्र बघितलं, बूट बघितले. बैठक झाली, सुपारी फुटली.

लग्नानंतर कळलं की मुलगीही एका कंपनीचं विम्याच्या दाव्यांचं काम घरूनच करते. आमच्याकडच्या मंडळींनी लग्नाच्या आधी तिच्या पगाराची चौकशी बारकाईनं केली होती, जागेची कुणी केली नव्हती. ती आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली की बाहेरून हाक यायची. घरीच आहेस ना, मग जरा भाकरी टाक. घरीच आहेस ना, जरा पाहुण्यांना पाणी दे. भावाला गोठ्यात निदान म्हैस तरी मध्ये बोलत नव्हती. हिच्या वाट्याला दुपारपर्यंत अठरा भाकरी आणि संध्याकाळी साहेबाचं विचारणं, की तुमचा हिरवा दिवा सारखा का विझतो. सासूचं काही वाईट नव्हतं. तिनं स्वतः तीस-पस्तीस वर्षं त्याच घरातून, दोन्ही पाळ्यांत, बिनपगारी काम केलेलं. एका ठिकाणी बसून बोटं हलवणाऱ्या बाईला काम आहे, हे तिला कोण आणि कसं पटवणार?

वहिनीनं वाद घातला नाही. सोमवारी ती पण तयार झाली, पर्स घेतली, डबा दोघांचा भरला आणि नवऱ्याबरोबर बारामतीच्या एसटीत बसली. आता सासू शेजारणींना सांगते, "सून नोकरीला जाती माझी." भाकरी सासू करते, तक्रार न करता. सून घरी नसते, मग कसं सांगणार?

अभ्यासिकेच्या मालकांना मात्र यातलं काही ठाऊक नाही. नवराबायको दोघं रोज वेळेवर येतात, मान खाली घालून बसतात, सणासुदीलाही चुकत नाहीत, याचं त्यांना फार कौतुक वाटायचं. बाकीच्या पोरांना ते या दोघांचं उदाहरण द्यायचे. पण दोन वर्षं झाली तरी निकालात नाव दिसेना, तेव्हा परवा त्यांनी भावाला जिन्यात गाठलं.

"कशाची तयारी करताय? पीएसआय का एसटीआय?"

भाऊ कानातलं यंत्र काढून नुसता हसला.

"हसू नका. वयाची अट आहे. एकदा वय उलटलं की कुणी विचारत नाही." मग जरा जवळ येऊन म्हणाले, "शेती आहे ना घरची? मग कशाला एवढी दगदग? मॅडमचा अभ्यास चांगला दिसतो, त्यांना बसू द्या. तुम्ही आपलं घरी राहून काहीतरी काम बघा."